मॉरिशसच्या किनाऱ्याने एकटीची प्रदक्षिणा

सोलापुरास समुद्र नाही. जवळचा किनारा गाठावयाचा म्हटले तरी सह्याद्रीचा घाट उतरून तीनशे किलोमीटरांहून अधिक वाट चालावी लागते. आमचे पाणी म्हणजे सिद्धेश्वराचा तलाव, आणि आमची भरती-ओहोटी म्हणजे पावसाचे येणे किंवा न येणे. तथापि याच कोरड्या गावात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर समुद्र ओलांडून चीन देशास गेले, आणि १९४२ साली रुग्णसेवा करता करता तेथेच निवर्तले. तेव्हा सोलापूरच्या माणसास समुद्र अगदीच परका आहे, असे कोणी म्हणू नये.

समुद्रोल्लंघन हा विषय आपल्या घराण्यांतून एके काळी किती कडवट वादाचा झाला होता, हे जुन्या मंडळींच्या स्मरणात ऐकीव रूपाने का होईना, असेल. परदेशगमन कलिवर्ज्यांत गणले जाई. परतलेल्यास पंक्तीस घ्यावे की न घ्यावे, घेतल्यास प्रायश्चित्त कोणते द्यावे, यावर ग्रंथांची पाने उलटली जात. १८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा केवढा गहजब झाला, हे सर्वश्रुत आहे. परंतु एक गोष्ट आपल्या इतिहासात सहसा कोणी सांगत नाही. आनंदीबाई जहाजावर चढण्याच्या कित्येक वर्षे आधी कोकणातील शेकडो शेतकरी आणि मजूर, त्यांत स्त्रियाही, मुंबई बंदरातून हिंदी महासागर ओलांडून गेले होते. त्यांच्या प्रायश्चित्ताचा वाद कोणत्याही धर्मसभेत झाला नाही, कारण ते परत येतील अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. ते गेले त्या बेटाचे नाव मॉरिशस. गेल्या श्रावणात त्या बेटाच्या किनाऱ्याने मोटारसायकलवरून एक दिवस एकटीने हिंडण्याचा योग मला आला. त्याचाच हा वृत्तान्त.

योग आला तो असा. यजमानांचा व्यवसाय साखर कारखान्यांच्या यंत्रसामग्रीचा. त्या कामानिमित्त त्यांना आठ दिवस पोर्ट लुई या राजधानीच्या शहरी राहावयाचे होते, व मी सोबत गेले होते. त्यांचे दिवस बैठकांत जात, आणि माझे खिडकीत. पाचव्या दिवशी मी एक मोटारसायकल भाड्याने घेण्याचे ठरविले. विसाव्या वर्षापासून मी दुचाकी चालवीत आले आहे. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर या वाटा तर अंगवळणी पडलेल्या आहेत. तरीही परदेशात, पन्नाशी उलटलेल्या बाईने, सोबतीवाचून? आमचे घर चौदा माणसांचे. रात्री दूरध्वनीवरून घरी सांगितले, तेव्हा प्रत्येकाने आपापले मत दिले. सासूबाईंनी आधी रस्त्याची चौकशी केली, मग हवेची, व शेवटी 'अंधाराच्या आत परत ये' म्हणून परवानगी दिली. मामंजी मात्र एवढेच म्हणाले, "जा, पण काय पाहिलेस ते घरी येऊन नीट सांगता आले पाहिजे." ही अट मला फार मोलाची वाटली. नुसते हिंडणे निराळे, आणि सांगण्यासाठी पाहणे निराळे.

मॉरिशसमध्ये वाहने आपल्याप्रमाणेच डावीकडून चालतात, हा मोठाच दिलासा. सकाळी साडेसहाला, नुकते उजाडले असता, शिरस्त्राण बांधून मी निघाले. ऑगस्ट महिना म्हणजे तिकडचा हिवाळा. आग्नेयेकडून वाहणारा व्यापारी वारा अंगाला झोंबत होता, परंतु थंडी आपल्या मार्गशीर्षाहून अधिक नव्हे. बेट लहान आहे: लांबी सुमारे पासष्ट किलोमीटर, रुंदी पंचेचाळीस. मी आखलेला मार्ग असा होता: राजधानीतून बेटाच्या पोटातून तिरपे जाऊन आग्नेय टोकाचे माएबूर गाव गाठावयाचे, तेथून दक्षिण किनाऱ्याने पश्चिमेस वळावयाचे, आणि पश्चिम किनाऱ्याने उत्तरेस चढत परत यावयाचे. एकंदर सुमारे एकशे सत्तर किलोमीटर. नकाशा पाहताना ध्यानात आले की, या क्रमाने गेल्यास बेट सतत उजव्या हातास राहते व समुद्र डाव्या. देवळाची प्रदक्षिणा आपण याच क्रमाने घालतो.

माएबूरच्या वाटेवर दोहों बाजूंस उसाचे मळे लागले. ऊस पाहून सोलापूरच्या माणसास नवल वाटण्याचे कारण नाही. नवल वाटले ते मळ्यांमध्ये उभ्या असलेल्या काळ्या दगडांच्या प्रचंड राशींचे. पायऱ्यापायऱ्यांनी रचलेल्या त्या राशी दुरून एखाद्या पडक्या देवळासारख्या दिसतात. ही जमीन ज्वालामुखीची आहे. ती नांगरण्याजोगी करावयाची तर आधी दगड वेचावे लागत, आणि ते मजुरांनी हातांनी वेचले. तो दगड मी हातात घेऊन पाहिला. काळा, जड, बारीक भोकांचा. आमच्या भुईकोट किल्ल्याच्या भिंतीतला दगड जणू! ही केवळ कल्पना नव्हे. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात की, शेजारच्या रियुनियन बेटाखाली पृथ्वीच्या पोटात एक उष्ण स्थान आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हिंदुस्थानची भूमी त्याच्यावरून सरकत असता तेथून उसळलेल्या शिलारसाने दख्खनचे पठार घडले, आणि पुढे फार काळाने, सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी, त्याच स्थानाने मॉरिशस समुद्रातून वर काढले. एका चुलीवर दोन भाकरी थापाव्यात, तसे आमचे पठार आणि हे बेट. मजूर आले त्याच्या लक्षावधी वर्षे आधी त्यांच्या देशाचा दगड येथे येऊन बसला होता.

माएबूर हे समुद्रकाठचे शांत गाव. याच उपसागरात १५९८ साली डच लोक उतरले, व आपल्या राजपुत्राच्या नावावरून त्यांनी बेटास मॉरिशस हे नाव दिले. उसाचे बेणे त्यांनीच १६३९ साली आणले. डोडो हा उडू न शकणारा पक्षी त्यांच्याच अमदानीत नामशेष झाला. पुढे १७१५ पासून फ्रेंच, आणि १८१० पासून इंग्रज. १८१० च्या ऑगस्टात याच पाण्यावर फ्रेंचांनी इंग्रजांचा पराभव केला. त्या विजयाचे नाव पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेले आहे. परंतु डिसेंबरात बेट इंग्रजांचे झाले ते झालेच. १९६८ च्या १२ मार्चला ते स्वतंत्र झाले.

येथील पाण्याची निळाई काय वर्णावी! परंतु याच निळाईवर अलीकडे एक मोठे संकट येऊन गेले. २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' नावाचे अजस्र जहाज या किनाऱ्यानजीकच्या प्रवाळ-खडकावर रुतले, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यातून सुमारे हजार टन काळे तेल पाण्यात सुटले. तेव्हा गावोगावचे लोक सरकारची वाट न पाहता किनाऱ्यावर जमले, आणि तेल अडविण्यासाठी त्यांनी कशाचे बांध केले म्हणाल? उसाच्या पाचटाचे! कापडाच्या लांब पिशव्या शिवून त्यांत पाचट ठासून भरले, व ते पाण्यावर तरंगत सोडले. आमच्याकडे जे पाचट फडातच पेटवून देतात, त्याने तेथे समुद्र राखण्याचे काम केले.

माएबूर सोडल्यावर रस्ता काही काळ किनाऱ्यापासून दूर उसातून जातो, आणि सुयाक या गावी पुन्हा समुद्रास भेटतो. या बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाचे कडे आहे. त्यामुळे लाटा दूरवरच फुटतात व काठाचे पाणी तळ्यासारखे निश्चल राहते. सुयाकजवळ ग्री-ग्री नावाच्या जागी मात्र हे कडे खंडित झाले आहे. तेथे दक्षिणेचा महासागर आडपडदा न ठेवता काळ्या कड्यावर येऊन आदळतो. जवळच्या एका सुळक्यावरून पाणी सतत ओघळत असते, म्हणून त्यास 'रडणारा खडक' म्हणतात. तेथे उभे राहून दक्षिणेकडे पाहिले, तर मध्ये बर्फाच्या खंडापर्यंत मोठी भूमी म्हणून नाही. घरातल्या चौदा माणसांत वावरणाऱ्या बाईस एकटेपण म्हणजे काय, हे एरवी कळण्याचे साधन थोडे. त्या कड्यावर ते मला प्रथमच निर्भेळ स्वरूपात भेटले, आणि खरे सांगावयाचे तर त्याची भीती न वाटता विसावाच वाटला.

दुपारी पश्चिमेकडे जाताना एक चमत्कारिक गोष्ट जाणवली. दक्षिण गोलार्धात या दिवसांत मध्यान्हीचा सूर्य उत्तरेस असतो. सावली भलत्याच बाजूस पडते, आणि दिशांविषयीचे जन्माचे ज्ञान क्षणभर गोंधळते. बेल ओंब्रे, बे दु काप अशी फ्रेंच नावांची गावे मागे पडत होती. काठाला सुरूची झाडे, त्यांतून वाऱ्याचा तोच कोकणातला सूर. बे दु कापच्या पुढे माकोंदे म्हणून एक वळण आहे. तेथे रस्ता कड्याला कवटाळून जातो व खाली लाटा फुटत असतात. तेथे मी गती अगदी कमी केली. जवळच फ्लिंडर्स या दर्यावर्दीचे स्मारक आहे. ऑस्ट्रेलियाचा किनारा मोजून परतणारा हा इंग्रज १८०३ साली गळके जहाज घेऊन येथे आसऱ्यास आला, आणि फ्रेंचांनी त्यास सहा वर्षांहून अधिक काळ अडकवून ठेविले. समुद्र माणसास नेतो, हे खरे. पण परत आणीलच याची हमी देत नाही.

ही गोष्ट ल मॉर्न पर्वताच्या पायथ्याशी फार तीव्रतेने मनात आली. बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ५५६ मीटर उंचीचा हा कातळ थेट समुद्रातून उठल्यासारखा दिसतो. मळ्यांतून पळालेले आफ्रिकी व मादागास्करचे गुलाम याच्या गुहांतून लपून राहत. १८३५ च्या १ फेब्रुवारीस गुलामगिरी रद्द झाली. ती वार्ता सांगण्यासाठी शिपाई डोंगराकडे गेले, आणि ते आपल्याला धरावयास येत आहेत असे समजून त्या लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी लोकपरंपरा आहे. २००८ साली हा पर्वत जागतिक वारशाच्या यादीत गेला.

गुलाम सुटले, परंतु ऊस तोडावयाचा राहिला. त्याची सोय मळेवाल्यांनी आधीच केली होती. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणण्यास आरंभ झाला, आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे येथे आली. बहुतेक बिहार व मद्रास प्रांतांतून. मुंबईहून आलेले त्या मानाने थोडे, व त्यांतील पुष्कळसे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील. करार पाच वर्षांचा, पुरुषाचा पगार महिना पाच रुपये. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचा पगार कापण्याची चाल होती. पोर्ट लुईच्या धक्क्यावर ज्या सोळा पायऱ्या चढून ते बेटावर आले, तो आप्रवासी घाट मी आदल्या दिवशी पाहिला होता. तोही २००६ पासून जागतिक वारसा आहे. हे वाचून आपण हळहळतो, ते योग्यच. परंतु दर हंगामात उचल घेऊन, लेकराबाळांसह बिऱ्हाड पाठीवर टाकून आमच्याच जिल्ह्यातील फडांवर येणाऱ्या तोडणी कामगारांकडे पाहताना ही हळहळ आपणास कितीशी होते, हा प्रश्न मी स्वतःस विचारला, आणि तो वाचकांपुढेही ठेविते.

पश्चिम किनाऱ्यावरील ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. पोर्ट लुईत भेटलेल्या एका मराठी शिक्षिकेने मला तेथील एका घराचा पत्ता दिला होता. गावाचे व घराण्याचे नाव मुद्दाम देत नाही. दुपारी तीनच्या सुमारास मी अंगणात मोटारसायकल उभी केली. ऐंशी उलटलेल्या आजी बाहेर आल्या. माझे शिरस्त्राण व बूट त्यांनी क्षणभर न्याहाळले, आणि काही न बोलता आत जाऊन कुंकवाची कोयरी घेऊन आल्या. कुंकू लावून झाल्यावर म्हणाल्या, "बाई, तुम्ही कुठच्या?"

"सोलापूरची. पंढरपूर ठाऊक आहे ना, आजी? त्याच्या जवळची."

पंढरपूरचे नाव ऐकताच त्यांनी हात जोडले. त्या पंढरपुरास कधी गेलेल्या नाहीत. त्यांच्या आईही गेल्या नव्हत्या. परंतु घरच्या देव्हाऱ्यात विठोबा होता, आणि त्याची तसबीर कोणी आणली हे कोणासच आठवत नव्हते.

गरम दाळपुरी पुढे आली. पिवळ्या डाळीचे सारण भरलेली ही पातळ पोळी मॉरिशसच्या रस्तोरस्ती मिळते. आमच्या पुरणपोळीची ती तिखट रश्श्याबरोबर खावयाची बहीणच म्हणाना. खाता खाता कुळकथा निघाली. त्या घराचे आडनाव म्हणजे वस्तुतः खापरपणज्याचे नुसते नाव. धक्क्यावरच्या कारकुनाने नाव विचारले, याने आपले नाव सांगितले, आणि पुढच्या सर्व पिढ्यांना तेच आडनाव म्हणून चिकटले. मूळचे आडनाव बुडाले. अशी कितीतरी घराणी त्या बेटावर आहेत. मात्र त्या नोंदवह्यांत मजुराचे गाव व जिल्हाही लिहीत, आणि पुढे छायाचित्रेही जोडीत. हे दप्तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेविले आहे, व तेथे जाऊन पूर्वजांचे गाव शोधता येते. आजींच्या नातवाने ते शोधले होते. गावाचे नाव त्याने एका कागदावर लिहून देव्हाऱ्यापाशी ठेविले होते.

अंगणात पोरे जमू लागली होती. गणेशचतुर्थी जवळ आली होती, आणि झाकरीची तालीम चालू होती. झाकरी म्हणजे आपल्या कोकणातील जाखडी नाच. गोलात फेर धरून, पायांच्या ठेक्यावर गाणी म्हणत तो नाचतात. मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुटी असते. तेथील उत्सव एका मराठी कुटुंबाने १८९६ साली सुरू केला, असे सांगतात. २०२३ च्या एप्रिलात शिवछत्रपतींच्या पुतळ्याचेही तेथे अनावरण झाले. परंतु पुतळ्याहून मला त्या अंगणातल्या पोरांचा विस्मय अधिक वाटला. घरात ती सर्व क्रिओल बोलतात, शाळेत इंग्रजी व फ्रेंच शिकतात. मराठी ही प्राथमिक शाळेत ज्याला हवी त्याने घ्यावयाची भाषा. बारा वर्षांच्या एका मुलीला मी विचारले, "गाण्याचा अर्थ समजतो का?" ती म्हणाली, "थोडा समजतो. बाकीचा आजीला विचारते." आणि आजी हसून म्हणाल्या, "आजीलाही थोडाच समजतो!" अर्थ निम्मा हरवला, तरी ठेका चुकला नव्हता. पाच पिढ्या तो ठेका अर्थाची वाट पाहत थांबला आहे, असे मला वाटले.

यावरून मला आमच्या सोलापूरचा पूर्व भाग आठवला. तेलंगणातून पोटासाठी आलेले पद्मशाली विणकर तेथे पिढ्यानुपिढ्या राहत आहेत. मागावर आमची प्रसिद्ध चादर विणताना, बाजारात मराठी बोलताना, घरात मात्र त्यांनी तेलुगू राखली. आम्ही त्यांच्याकडे पाहून कधी कधी म्हणत आलो की, इतकी वर्षे झाली, अजून यांची भाषा सुटत नाही! तेच मराठी माणसाने मॉरिशसमध्ये केले तर आमचा ऊर भरून येतो. वस्तुतः दोन्ही ठिकाणी गोष्ट एकच आहे. ज्याच्यापाशी जमीन राहत नाही, घर राहत नाही, आडनावही राहत नाही, तो भाषेला अखेरचे गाठोडे समजून उराशी धरतो. आणि ज्याचे सर्व काही सुरक्षित असते, तो ते गाठोडे कोठे ठेविले हेही विसरतो.

निघताना मी विचारले, "आजी, सोलापुराहून काय पाठवू?" मला वाटले, चादर मागतील. त्या म्हणाल्या, "आरत्यांचे पुस्तक. पण अक्षर मोठे हवे. लहान अक्षर मला दिसत नाही, आणि पोरांना वाचता येत नाही."

तेथून पुढे टामारिनची जुनी मिठागरे डावीकडे टाकीत मी उत्तरेस निघाले. सहाच्या सुमारास सूर्य समुद्रात बुडाला. अंधार दाटण्याच्या सुमारास पोर्ट लुईचे दिवे दिसू लागले, आणि सासूबाईंची अट जेमतेम पाळली गेली.

घरी परतल्यावर मामंजींच्या अटीप्रमाणे सर्व हकीकत सांगितली. ओळीने तीन रात्री जेवणे झाल्यावर मंडळी बसत. मोठ्या अक्षराच्या पुस्तकाचा विषय निघाला, तेव्हा धाकट्या जावेने सुचविले की, विकतचे पाठविण्यापेक्षा आपणच मोठ्या अक्षरात लिहून पाठवावे. ते काम दहा वर्षांच्या नातवाकडे आले. तो इंग्रजी शाळेत जातो. हुशार आहे, हे सांगावयास नकोच. पहिल्याच ओळीत त्याचे जोडाक्षर अडले. त्याने विचारले. मामंजींनी चष्मा लावून त्याला ते काढून दाखविले. दुसऱ्या ओळीत पुन्हा अडले. आता रोज संध्याकाळी अर्धा तास आजोबा व पणतू वही घेऊन बसतात. एक आरती दहा दिवसांत पुरी झाली आहे. अजून बऱ्याच राहिल्या आहेत. पुस्तक चतुर्थीपूर्वी पोहोचणार नाही, हे उघडच आहे. पुढील वर्षाच्या चतुर्थीस पोहोचले तरी पुरे, असे मामंजी म्हणतात. त्यांना घाई दिसत नाही.